खिडकीवरचा जुना नियम

या महिन्यात सहल-आयोजक सभासदांकडून आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रे एकाच तक्रारीची आहेत. व्हिक्टोरियातल्या बॅलरॅटसाठी मोटरहोम ठरवले, कॅरॅव्हॅन पार्कात जागा धरली, आणि पाहुणे आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना (आयडीपी) काढायला आरटीओत गेले तर खिडकीवरून उत्तर आले, ‘आधी व्हिसा आणा.’ काही ठिकाणी त्याच्या जोडीला मेडिकल सर्टिफिकेटही मागितले गेले.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ७ जानेवारी २०२१ रोजी अधिसूचना काढून या दोन्ही अटी रद्द केल्या. कारणही मंत्रालयानेच दिले होते. काही देशांचा व्हिसा अगदी शेवटी हातात पडतो, काहींचा तिथे उतरल्यावर मिळतो, मग अर्जाच्या वेळी तो आणायचा कुठून? आणि ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे त्याची प्रकृती पुन्हा कशाला तपासायची? इतका सरळ विचार सरकारी कागदावर क्वचित वाचायला मिळतो. तो कागद खिडकीपर्यंत मात्र अजून पोचलेला दिसत नाही. एका सभासदाने अधिसूचनेची प्रत दाखवली, तेव्हा ‘आमच्याकडे असे काही आलेले नाही’ असे ऐकून त्यांना परतावे लागले.

ही अडवणूक किती महाग पडते ते आपल्याला सांगायला नको. मोटरहोम आणि पार्क दोन्ही आगाऊ धरावे लागतात. व्हिसा येईपर्यंत निघायला आठ-दहा दिवस उरलेले असतात आणि रद्द करण्याचा आकार रोज चढत असतो. त्या धावपळीत पाहुण्यांना आरटीओच्या फेऱ्या घालाव्या लागतात, आणि शिव्या आपल्याला खाव्या लागतात.

बॅलरॅटच्या खाणकामगारांना ही गोष्ट ओळखीची वाटली असती. १८५१ मध्ये तिथे सोने सापडले आणि पाठोपाठ परवान्याचा जाच सुरू झाला. सोने हाती लागो न लागो, महिन्याला तीस शिलिंग मोजायचे आणि शिपायाने हटकले की कागद दाखवायचा. १८५४ च्या अखेरीस बेकरी हिलवर परवान्यांची होळी झाली. ३ डिसेंबरच्या पहाटे सैन्य खाणकामगारांच्या युरेका स्टॉकेड या तटबंदीवर चालून गेले आणि माणसे मारली गेली. पुढच्याच वर्षी मासिक परवाना जाऊन वर्षाला एक पौंडाचा ‘मायनर्स राइट’ आला. तिथे बंडानंतर वर्षभरात कागद बदलला. आपल्याकडे बंड न करताच नियम बदलला, पण तो पाळायला कोणी तयार नाही.

मात्र सगळे खापर आरटीओवर फोडून आपण सुटत नाही. मुळात आयडीपी कोण मागते, हे किती सभासदांनी तपासले आहे? लायसन्स इंग्रजीत असेल तर पर्यटकाला व्हिक्टोरियात ते चालते. इंग्रजीत नसेल तरच अनुवाद किंवा आयडीपी लागतो. म्हणजे इंग्रजीतले स्मार्ट कार्ड लायसन्स असलेल्या आपल्या पाहुण्यांना आयडीपीची गरज पडते ती बहुधा गाडी देणाऱ्या कंपनीच्या आणि विम्याच्या अटींमुळे. त्या अटी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात, आणि बुकिंगआधी त्या वाचणे हे आपले काम आहे. ठेवीच्या रकमेचेही तेच. बहुतेक ठिकाणी ती चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात. काकांचे कार्ड आणि पुतण्याचे लायसन्स घेऊन काउंटरवर पोचलेल्या कुटुंबाने मग तिथून कोणाला फोन लावायचा?

काही आयटिनररी आमच्याकडे आल्या आहेत. त्या वाचून राग येतो. मेलबर्नहून बसने बॅलरॅट ‘हाफ डे’ करण्याचा जुना कार्यक्रम उचलायचा, ‘कोच’ खोडून ‘मोटरहोम’ लिहायचे, की झाली कॅरॅव्हॅन सहल! बॅलरॅटला किमान दोन रात्री द्या. सोव्हरिन हिललाच पूर्ण दिवस लागतो. तिथली भूमिगत खाण, ओतीव सोन्याचे प्रात्यक्षिक, ओढ्यात तसराळे फिरवून सोने शोधणे हे सगळे मुलांना घेऊन तीन तासांत उरकत नाही. तिथे कोणत्या वारी प्रवेश असतो तेही आधी पाहा. दुसऱ्या दिवशी युरेका सेंटरमधला त्या बंडाचा मूळ झेंडा, १८८४ मध्ये स्थापन झालेली आर्ट गॅलरी आणि वेंडूरी तलाव ठेवा. हौशी पाहुण्यांना सरकारी जमिनीवर सोने शोधायचे असेल, तर मायनर्स राइट आजही काढावा लागतो. तो दहा वर्षे चालतो.

आपली माणसे मे महिन्यात निघतात. तेव्हा तिथे हिवाळा तोंडावर असतो, सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि रात्री हाडे गोठवणारी थंडी पडते. वीजजोडणी नसलेली जागा स्वस्त पडते म्हणून ती धरणाऱ्याने स्वतः एक रात्र त्या गाडीत काढावी. संध्याकाळी रस्त्यावर कांगारू येतात, आणि अंधारात प्राण्याला धडक बसली तर नुकसान भरून न देणारे करार कमी नाहीत. म्हणून विमानातून उतरल्या दिवशी गाडी ताब्यात देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळाच्या बाजूने एम-८० रिंग रोड धरून एम-८ ला लागले की टोल लागत नाही आणि शहराच्या गर्दीतही शिरावे लागत नाही. दिवाळीत जाणाऱ्यांनी नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारची मेलबर्न कपची सुट्टी लक्षात ठेवावी. तो आठवडा जोडून घेणारे स्थानिक लोक पार्क आधीच भरून टाकतात.

गाडी निवडताना बिछान्यांच्या बरोबरीने सीटबेल्ट मोजा. सात वर्षांखालच्या मुलाला तिथे मान्यताप्राप्त बालआसन सक्तीचे आहे आणि आपल्याकडून नेलेले चालत नाही. गाडीत स्वयंपाकघर आहे म्हटल्यावर पाहुणे घरचे तूप, कढीपत्ता, कडधान्ये भरतात. खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना जाहीर करायची, हे त्यांना लेखी द्या. लपवल्यास दंड होतो आणि व्हिसाही जाऊ शकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. खिडकीवर हुज्जत घालून हा प्रश्न सुटणार नाही, कागदाला कागदानेच उत्तर द्यावे लागेल. प्रत्येक पाहुण्याच्या फाइलमध्ये अधिसूचनेची प्रत ठेवा. अर्ज नाकारला तर तोंडी उत्तर घेऊन परतू नका. लेखी कारण मागा, दिले नाही तर तारीख, कार्यालय आणि खिडकी क्रमांक टिपून अर्जाच्या पोचपावतीसह आमच्याकडे पाठवा. पाहुण्यांची नावे झाकून हे सारे दाखले आम्ही परिवहन आयुक्तांपुढे ठेवू आणि सर्व कार्यालयांना स्पष्ट परिपत्रक काढण्याची मागणी करू. नुसती चिडचिड लिहून पाठवणाऱ्यांची पत्रे यापुढे छापली जाणार नाहीत. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत दाखले पाठवा.