वसईची सुकेळी आणि पडद्यावरची पेढी

वसईचे सुनील डिमेलो आपल्या मराठी यूट्यूब वाहिनीवर वसईचीच माणसे, वाड्या, बोली आणि खाद्यपरंपरा दाखवतात. राजेळी केळी उन्हात वाळवून होणारी सुकेळी हा त्या मुलखाचा खास जिन्नस. विरारच्या फलाटावरून रोज मुंबई गाठणाऱ्या कित्येकांना तो नावानेही ठाऊक नसतो. जवळचे असूनही अपरिचित राहिलेले दाखवणे, हेच अशा वाहिनीचे खरे भांडवल. परदेशवारी हा त्यापुढे महागडा माल ठरतो.

हिशेब मात्र कठोर आहे. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी सामान्यतः १००० सदस्य आणि बारा महिन्यांत प्रेक्षकांनी पाहिलेले ४००० तास भरावे लागतात. पुढेही मोठ्या चित्रफितींवरील जाहिरातींचे ५५ टक्केच निर्मात्याच्या पदरी पडतात. तोवर कॅमेरा, प्रवास, संपादन हा सारा खर्च घरचा. तेवढी पुंजी व धीर नसलेल्याने नोकरी सोडू नये.

मोठी कमाई बहुधा प्रायोजकांकडून येते आणि कसोटीही तेथेच लागते. उपाहारगृहाने फुकट जेवू घातले तरी ते उघड सांगावे, असे केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना बजावतात. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीस ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दंड भरता येतो. पण स्वयंपाकघरात न डोकावता ‘येथे जैन भोजन मिळते’ असे पैसे घेऊन सांगितले, तर त्या भरवशावर सहकुटुंब पोहोचलेल्यांच्या ताटात कांदा-बटाटा निघतो आणि ते कुटुंब ती वाहिनी पुन्हा उघडत नाही.