भात आणि त्याचे रानटी भाऊबंद

भात हे बहुधा स्वपरागित पीक. परक्या परागाचा दाणा शंभरांत एखादाही क्वचितच. तरी तेवढा पुरतो. तणभात मरावा व पीक तरावे, या हेतूने अमेरिकेच्या दक्षिण भागात २००२ पासून तणनाशक सोसणारे भात पेरले गेले. तणभात त्याचाच भाऊबंद. काही वर्षांतच आर्कान्साच्या शेतांत तोही तेच तणनाशक सोसू लागला.

हा गुण जनुकरोपणाचा नव्हता, उत्परिवर्तनाचा होता. परागाला त्याचे काय! २०२४ साली भारतात आलेल्या अशाच बासमती वाणांना मात्र, ते जनुकरोपित नसल्यामुळे, जनुकरोपित पिकांची कसोटी लागली नाही. ज्या देशात रानभात ओढ्याकाठी आपोआप उगवतो, तेथे वाण कसे घडविले यापेक्षा त्याच्या बांधापलीकडे कोण उभे आहे, हे परवानगीपूर्वी तपासणे अधिक अगत्याचे आहे.