झेंडे कोणाचे, मैदान कोणाचे?

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या सेल्टिक या फुटबॉल क्लबने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस आपल्याच सुमारे अडीचशे पाठीराख्यांचे हंगामी पास स्थगित केले आणि त्यांना घरच्या मैदानाचे दरवाजे बंद केले. ‘ग्रीन ब्रिगेड’ या नावाने हे पाठीराखे ओळखले जातात. स्वतः वर्गणी काढून, स्वतःच्या हातांनी रंगविलेले अवाढव्य कापडी फलक गॅलरीत उभारणे ही त्यांची ख्याती. त्याच महिन्याच्या २५ तारखेला अ‍ॅटलेटिको माद्रिदविरुद्धच्या सामन्यात, क्लबने आधी केलेली विनंती बाजूला सारून, प्रेक्षकांनी हजारोंच्या संख्येने पॅलेस्टाइनचे झेंडे फडकविले होते. त्याबद्दल ‘युएफा’ या युरोपीय फुटबॉलच्या शिखर संघटनेने पुढे क्लबला १७,५०० युरोंचा दंड केला. क्लबने पाठीराख्यांवर ठेवलेल्या आरोपांच्या यादीत झेंड्यांखेरीज दारूकाम, विनापरवाना प्रवेश आणि मैदानावरील सेवकांशी वर्तन अशा बाबीही होत्या. काही आठवड्यांनी बंदी उठली. परंतु बंदीने उपस्थित केलेला प्रश्न तिच्याबरोबर मिटलेला नाही. पैसे मोजून आत येणाऱ्या, पिढ्यान् पिढ्या एका क्लबवर जीव टाकणाऱ्या माणसाला मैदानात आपले मत मांडण्याचा अधिकार आहे की नाही, आणि नसेल तर तो कोणी काढून घेतला, हा तो प्रश्न होय.

सेल्टिकचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय या प्रश्नाचे मर्म ध्यानी यावयाचे नाही. दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश लोक एकोणिसाव्या शतकात ग्लासगोच्या पूर्व भागात येऊन राहिले. अपुरी मजुरी, कोंदट वस्त्या आणि धर्मावरून होणारी हेटाळणी हेच त्यांच्या वाट्याला आले. या वस्त्यांतील उपाशी मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करावा या हेतूने ब्रदर वॉलफ्रिड या धर्मसेवकाच्या पुढाकाराने १८८७ मध्ये या क्लबची स्थापना झाली. दहा वर्षांत, म्हणजे १८९७ मध्ये, त्याची मर्यादित कंपनी झाली. १९९४ मध्ये तो दिवाळखोरीच्या दारात उभा असताना नव्या व्यवस्थापनाने भाग विक्रीस काढले, तेव्हा हजारो सामान्य पाठीराख्यांनी पोटाला चिमटा घेऊन ते विकत घेतले. आज मात्र क्लबचा सर्वांत मोठा भागधारक एक आयरिश धनिक आहे. गरिबांच्या भुकेतून जन्मलेली संस्था भागधारकांच्या ताळेबंदाशी कशी बांधली जाते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

झेंड्याचा वादही या मैदानाला नवा नाही. १ जानेवारी १९५२ रोजी सेल्टिक आणि रेंजर्स यांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल झाली. त्यानंतर शहराचे दंडाधिकारी आणि स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन यांनी सेल्टिकच्या मैदानावर फडकणारा आयर्लंडचा तिरंगी झेंडा उतरविण्याचा आग्रह धरला. न ऐकल्यास क्लबला स्पर्धेबाहेर काढण्यापर्यंत पाळी आली होती. क्लबचे अध्यक्ष रॉबर्ट केली यांनी झेंडा उतरविण्यास नकार दिला. विशेष म्हणजे ज्यांच्याशी उभा दावा होता त्या रेंजर्स क्लबने या प्रश्नावर सेल्टिकचीच बाजू घेतली. त्यात व्यवहाराचा विचार असेलही. परंतु झेंडा राहिला. आपल्या लोकांच्या झेंड्यासाठी अस्तित्व पणाला लावणारा क्लब एकाहत्तर वर्षांनी झेंड्यांच्या वादात आपल्याच लोकांना मैदानाबाहेर काढतो, हा बदल केवळ व्यवस्थापकांच्या स्वभावातला नव्हे. मधल्या काळात खेळाची मालकी बदलली आहे.

येथे दुसरी बाजू टाळून चालणार नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमधील निरपराध नागरिकांची कत्तल झाली. त्याच दिवशी सेल्टिकच्या मैदानात ‘प्रतिकाराचा विजय असो’ अशा आशयाचा फलक झळकला. प्रेतेही उचलली गेली नव्हती अशा क्षणी हा फलक लावणे निष्ठुरपणाचे होते, हे पॅलेस्टिनी जनतेच्या न्याय्य हक्कांचे समर्थन करणाऱ्यांनीही निःसंकोचपणे म्हटले पाहिजे. त्या वेळी सेल्टिकच्या संघात लिएल अबादा हा तरुण इस्रायली खेळाडू होता. मार्च २०२४ मध्ये तो क्लब सोडून अमेरिकेत खेळावयास गेला. आपल्याच संघातील एका मुलाच्या मनावर काय ओढवत असेल याचा विचार ज्या गॅलरीला करता येत नाही, तिच्या बंधुभावात काही उणे आहे. तथापि त्या फलकाला उत्तर देण्याचा मार्ग म्हणजे टीका, चर्चा आणि दुसरा फलक. ज्यांनी काही वावगे केले असेल त्यांची नावे निश्चित करून, त्यांचे म्हणणे ऐकून कारवाई करता येते. एका संपूर्ण गटाला सरसकट शिक्षा ठोठावणे ही शिस्त नव्हे. कारखान्यातील टाळेबंदी याच जातीची असते, हे कामगार चळवळीत वाढलेल्या माणसास सांगावे लागणार नाही.

खेळात राजकारण नको, ही सबब अशा वेळी हटकून पुढे येते. युएफाच्या नियमांनुसार राजकीय, वैचारिक वा धार्मिक स्वरूपाचा चिथावणीखोर संदेश क्रीडास्पर्धेस अयोग्य ठरतो. याच नियमाच्या बळावर ऑगस्ट २०१६ मध्ये इस्रायलच्या हापोएल बीर शेवा संघाविरुद्धच्या सामन्यात पॅलेस्टाइनचे झेंडे दिसल्याबद्दल सेल्टिकला सुमारे ८,६०० पौंडांचा दंड झाला होता. पाठीराख्यांनी त्या दंडाइतकी रक्कम पॅलेस्टिनींच्या मदतीसाठी जमविण्याचा संकल्प सोडला आणि पाहता पाहता लाखाहून अधिक पौंड जमा झाले. हा पैसा औषधोपचारासाठी आणि बेथलेहेमजवळच्या आईदा निर्वासित छावणीतील मुलांच्या केंद्रासाठी गेला. भुकेल्या मुलांसाठी जन्मलेल्या क्लबचा मूळ वारसा त्या दिवसांत संचालकांच्या दालनात नव्हे, गॅलरीत जिवंत होता.

परंतु हा नियम सर्वांना सारखा लागू होतो काय? फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युएफाने आपल्या प्रमुख स्पर्धेचा अंतिम सामना सेंट पीटर्सबर्गहून पॅरिसला हलविला, रशियन संघांना स्पर्धांतून स्थगित केले. पुढच्याच महिन्यात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील कर्णधारांनी युक्रेनच्या रंगांच्या दंडपट्ट्या बांधल्या. हे योग्यच झाले. आक्रमणाचा निषेध करणे हा माणुसकीचा धर्म आहे. मात्र त्यामुळे ‘खेळात राजकारण नको’ या तत्त्वाचा बुरखा गळून पडला. सरकारांना आणि पुरस्कर्त्यांना सोयीचे असते ते ‘ऐक्य’ आणि गॅलरीतून येते ते ‘राजकारण’, अशी ही वाटणी आहे.

खेळात राजकारण आणतो कोण, हेही पाहिले पाहिजे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने न्यूकॅसल युनायटेडचा ८० टक्के हिस्सा घेतला. एका राजवटीच्या तिजोरीतून क्लब विकत घेतला जातो, हा व्यवहार ‘गुंतवणूक’ म्हणून खपतो. त्याच महिन्यात क्रिस्टल पॅलेसच्या पाठीराख्यांनी न्यूकॅसलविरुद्धच्या सामन्यात त्या राजवटीच्या अत्याचारांची यादी मांडणारा फलक उभारला, तेव्हा तक्रार झाली आणि पोलिसांनी चौकशी आरंभिली. त्यातील चित्रण काहींना आक्षेपार्ह वाटले होते. अखेर कारवाई करण्याजोगे काही नाही, असाच निष्कर्ष निघाला. कोट्यवधी पौंडांनिशी आत शिरलेल्या राजकारणाची चौकशी झाली नाही. कापडाच्या एका तुकड्याची मात्र झाली.

गॅलरीतील कापडाची धास्ती कोठवर जाते हे इटलीने दाखविले. २ फेब्रुवारी २००७ रोजी कातानिया येथे सामन्याच्या वेळी झालेल्या दंगलीत एक पोलीस अधिकारी मृत्यू पावला. त्यानंतर फलक मैदानात नेण्यासाठी त्याचा मजकूर आणि आकार काही दिवस आधी कळवून परवानगी घेणे सक्तीचे झाले. दंगलखोर हुडकून काढण्याचे काम पोलिसांचे. त्याऐवजी कापडावर लिहिलेल्या ओळींची पूर्वतपासणी सुरू झाली. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, इटलीच्या सरकारला आणि फुटबॉल संघटनांना हे निर्बंध सैल करावे लागले. स्कॉटलंडमध्येही २०१२ साली फुटबॉल पाठीराख्यांच्या आक्षेपार्ह वर्तनासाठी खास कायदा करण्यात आला होता. पाठीराख्यांनी त्याविरुद्ध चिकाटीने चळवळ केली आणि मार्च २०१८ मध्ये स्कॉटिश संसदेने ६२ विरुद्ध ६० मतांनी तो रद्द केला. गुन्ह्यासाठी सर्वसाधारण कायदे असताना एका खेळाच्या प्रेक्षकांसाठी वेगळा कायदा कशाला, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता.

याचा अर्थ गॅलरीत वाटेल ते चालावे असा नव्हे. ११ मे १९८५ रोजी इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या मैदानात लागलेल्या आगीत ५६ माणसे मृत्युमुखी पडली. मोठे झेंडे सहज पेट न घेणाऱ्या कापडाचे असावेत, त्यांनी वाटा अडू नयेत, हे नियम सर्वांच्या जिवासाठी आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. वंशद्वेषाला आणि धर्मद्वेषालाही थारा नसावा. २०१७ मध्ये रोमच्या मैदानात लाझिओ क्लबच्या काही पाठीराख्यांनी प्रतिस्पर्ध्यांना हिणविण्यासाठी अ‍ॅन फ्रँक या नाझींच्या छळाला बळी पडलेल्या मुलीचे चित्र वापरले. हा मतस्वातंत्र्याचा वापर नव्हता. एका समाजाच्या संहाराची ती थट्टा होती. तेव्हा कसोटी एकच असावी: या फलकाने कोणा माणसाच्या जिवाला धोका आहे काय, किंवा त्याच्या जन्मावरून त्याला माणूसपणातून उठविले जाते काय? मालक अडचणीत येतो काय, पुरस्कर्ता रागावतो काय, प्रक्षेपणाचे चित्र बिघडते काय, या कसोट्या व्यापाराच्या आहेत; त्यांना सुरक्षिततेचे नाव देणे ही लबाडी होय.

पाठीराख्यांच्या झेंड्यांची खरी किंमत मालकांना ठाऊक नाही असे नाही. महासाथीच्या काळात मैदाने ओस पडली तेव्हा लिव्हरपूलच्या गॅलरीतील रिकाम्या खुर्च्यांवर हेच झेंडे अंथरलेले होते. एप्रिल २०२१ मध्ये बारा धनाढ्य क्लबांनी ‘सुपर लीग’ नावाची स्वतःची वेगळी स्पर्धा जाहीर करताच त्या पाठीराख्यांनी आपले झेंडे काढून नेण्याचे जाहीर केले. सर्वत्र उसळलेल्या निषेधापुढे इंग्लंडमधील सहाही क्लब दोन दिवसांत मागे हटले. जर्मनीत फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रक्षेपण उत्पन्नाचा हिस्सा खासगी भांडवलदारांना विकण्याची योजना पाठीराख्यांनी फलक लावून आणि मैदानात टेनिसचे चेंडू फेकून हाणून पाडली. तेथे बहुतेक क्लबांत सदस्यांच्या हाती बहुमत ठेवण्याचा नियम आहे, म्हणूनच गॅलरीचा आवाज संचालकांच्या कानी पोहोचतो.

हा अनुभव परक्या भूमीपुरता नाही. कोलकात्याचा ईस्ट बंगाल हा फाळणीत घर गमावलेल्या निर्वासितांच्या जिव्हाळ्याचा क्लब. जानेवारी २०२० मध्ये नागरिकत्वाच्या कागदपत्रांवरून देशात काहूर माजले असताना, ही भूमी कागदाने नव्हे तर रक्ताने मिळविली आहे, असे सांगणारा फलक त्याच्या पाठीराख्यांनी मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात उभारला. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरवरील बलात्कार व खुनामुळे शहर पेटून उठले, तेव्हा १८ ऑगस्टचा या दोन क्लबांचा सामनाच सुरक्षिततेचे कारण देऊन रद्द करण्यात आला. गॅलरी बंद झाली तशी माणसे रस्त्यावर आली. शंभर वर्षांचे वैर बाजूला ठेवून दोन्ही क्लबांचे पाठीराखे न्यायाची मागणी करीत मैदानाबाहेर एकत्र उभे राहिले आणि पोलिसांच्या लाठ्याही त्यांनी एकत्रच खाल्ल्या.

यातून निघणारी मागणी साधी आहे. फलकांविषयीचे नियम लेखी आणि जाहीर असावेत. ते ठरविताना पाठीराख्यांच्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींना बरोबरीचे स्थान मिळावे. मजकुराची पूर्वतपासणी बंद व्हावी. शिक्षा व्यक्तीला आणि सुनावणीनंतरच व्हावी. समाजवादी कार्यकर्त्यांनीही खेळाला फावल्या वेळची करमणूक मानून या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये. आठवडाभर दुसऱ्याच्या हुकमतीखाली राबणारा माणूस जेथे हजारोंच्या संगतीने स्वतःच्या आवाजात बोलतो अशा जागा दिवसेंदिवस कमी होत आहेत. फुटबॉलची गॅलरी ही त्यांपैकी एक आहे. तिच्यावरील अधिकार विक्रीच्या करारात आपोआप हस्तांतरित होत नाही, हे मालकांना ठणकावून सांगण्याची जबाबदारी तिच्यात उभ्या राहणाऱ्यांची आहे, तशीच लोकशाहीवर निष्ठा ठेवणाऱ्या प्रत्येकाचीही आहे.