‘अपडेटेड’ व्हायचं कुणाच्या वेळात?

आमच्या समुपदेशन केंद्रात एक ताई आल्या. मारहाण नव्हती, पोटगीचा प्रश्न नव्हता. म्हणाल्या, “तक्रार कुणाविरुद्ध करायची तेच कळत नाही.”

वय एक्केचाळीस. पुण्यात २००५ पासून वेबसाइट तयार करण्याचं काम. अकरा वर्षं नोकरी केली. मग मूल झालं, पाठोपाठ सासूबाईंचं आजारपण आलं. पाच वर्षं घरी गेली. त्यानंतर घरूनच लहानसहान कामं. आता पुन्हा नोकरी शोधताहेत, तर सहा ठिकाणी एकच उत्तर : “अनुभव छान आहे मॅडम, पण आमची टीम यंग आहे. आम्हाला अपडेटेड माणूस हवाय.”

मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई. या धंद्यातलं मला काही कळत नव्हतं. त्यांनीच समजावून सांगितलं. पूर्वी पानाची मांडणी टेबलांच्या चौकटीत करायचे. मग ती सीएसएसवर आली. २०१० नंतर एकच पान कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर नीट दिसायला हवं, ही पद्धत रुळली. फ्लॅश शिकण्यात त्यांनी कितीतरी महिने घातले होते. ते २०२० च्या अखेरीस कायमचं बंद पडलं. तेव्हा या कामात शिकणं संपत नाही हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण जी बाई इतक्यांदा जुनं टाकून नवं शिकली, तिला ‘आता तुम्हाला नवं जमणार नाही’ हे कशाच्या आधारावर सांगता? तिला काम करून दाखवायला एकानेही सांगितलं नाही. वय बघितलं, मधली पाच वर्षं बघितली, झालं!

त्या पाच वर्षांना कंपनीच्या भाषेत ‘गॅप’ म्हणतात. जणू बाई झोपून होती! सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामाला बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८, असं आढळलं. फरक तीन तासांहून जास्त. नवं सॉफ्टवेअर रात्री बसून शिकायला जे तीन तास लागतात, ते हेच. जो तरुण ‘अपडेटेड’ आहे, त्याच्या पोळ्या कुणीतरी लाटतं आहे. त्याच्या कौशल्यात त्याच्या आईचे आणि बायकोचे तास मुरलेले आहेत. मुलाखतीत ते त्याच्या खात्यावर जमा होतात, आणि जिने ते दिले तिच्या खात्यावर ‘गॅप’ पडते.

बाईच्या नोकरीला वयाची कात्री लावणं काही नवं नाही. एअर इंडियाच्या नियमाप्रमाणे हवाईसुंदरीची नोकरी पस्तिशीला, सुरुवातीच्या चार वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणात संपायची. नर्गिस मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली. लग्नाची मात्र ठेवली. तिथे निदान नियम लेखी होता, म्हणून त्याविरुद्ध कोर्टात जाता आलं. ‘टीम यंग आहे’ हे कुठेच लिहिलेलं नसतं. आपल्या संविधानाचं सोळावं कलम सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग यांवरून भेदभावाला मनाई करतं. त्या यादीत वय नाही, आणि खाजगी कंपनीला ते कलम लागूही नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्या कामगारांसाठी असा कायदा १९६७ सालीच झाला.

आता मैत्रिणींनो, आपल्या घरातलं. आमच्या संस्थेची वेबसाइट करायची होती तेव्हा आम्हीही तेविशीतला मुलगाच निवडला. त्या बैठकीत मी होते. एका पस्तिशीपुढच्या बाईचा अर्ज आला होता. ‘तिला घरचं बघून जमेल का?’ हा प्रश्न आमच्यातल्याच एकीने विचारला आणि मी गप्प बसले. साइट दिसायला देखणी झाली. या ताईंनी ती माझ्याच फोनवर उघडली आणि दोन मिनिटांत विचारलं, “हेल्पलाइनचा नंबर चित्रात का टाकलाय? बोट लावलं तर फोन लागत नाही. अंध बाईचा फोन तो वाचून दाखवणार नाही. नेटवर्क कमी असेल तिथे चित्र उघडायचंच नाही.” मग मथळ्यांत वरच्या वेलांट्या छाटल्या गेल्या आहेत, तेही दाखवलं. जीव मुठीत धरून नंबर शोधणाऱ्या बाईचा विचार करायला कुठलं नवं सॉफ्टवेअर लागतं? तिथे अनुभवच लागतो.

म्हणून माझं म्हणणं असं. जाहिरातीत वय आणि पास झाल्याचं साल मागू नका, काम सांगा. परीक्षा घ्यायची तर कामाची घ्या, आणि त्या दिवसाचे पैसे द्या. जे नवं तंत्र कंपनीला हवं आहे, ते कंपनीच्या वेळात, पगारी तासांत शिकवा. ते बाईच्या झोपेतून वसूल करू नका. आणि ही सुरुवात आपल्या संस्थांपासून होऊ दे. ‘कुणाचा तरी भाचा फुकटात करून देतो’ हे आधी बंद करा.

ताईंना आम्ही साइट दुरुस्त करायला दिली, पूर्ण दराने. नोकरी त्यांना अजून मिळालेली नाही. तुमच्या संस्थेत असं काम कुणाला देता, आणि नाही म्हणताना काय कारण सांगता, ते प्रामाणिकपणे लिहून कळवा. आपल्याविरुद्धच्या तक्रारीही नोंदवायला शिकू या.