जुनी वस्ती आणि मोडकी इमारत

‘पेठेत घर? आता तिथं कोण राहतं?’ तीन वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात शुक्रवार पेठेत घर घेतलं, तेव्हा मेहुण्यापासून ऑफिसातल्या सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी हेच विचारलं. इमारत १९८८ सालची, तिसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट साडेचारशे चौरस फूट. आता भाची आणि तिचा नवरा घर शोधतायत, आणि तोच प्रश्न पुन्हा घरात आलाय. जुन्या वस्तीत राहणं म्हणजे जीव धोक्यात घालणं, असं तिच्या सासरच्यांचं ठाम मत आहे. त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण त्यात खरा भाग आहे.

पावसाळा आला की वाडा पडल्याची बातमी येते. महापालिका दरवर्षी धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. बोळ इतके अरुंद की आग लागली तर बंब आत येईल याची खात्री नाही. गाडी लावायला जागा नाही. गणपतीत दहा दिवस स्पीकरच्या भिंतींनी खिडकीची तावदानं थरथरतात. यातलं एकही वाक्य खोटं नाही. विसर्जनाच्या दोन दिवसांत माझी आई मावशीकडे राहायला जाते, तेवढा त्रास आहे, आणि तो कमी व्हायलाच हवा.

पण या सगळ्यातून ‘पेठेत राहू नये’ हा निष्कर्ष निघत नाही. तो काढणारे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. जुनी वस्ती आणि मोडकी इमारत या दोन गोष्टी आहेत. वाडे का पडतात ते बघा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. दोन खणांचं भाडं इतकं कमी की त्यातून मालकाला कौलंसुद्धा शाकारून घेता येईनात. भाडेकरू जागा सोडेनात, मालक दुरुस्ती करेनात, आणि मालकाच्या पुढच्या पिढीत भावाभावांचे दावे लागले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मूळ आकडाच नगण्य असेल तर त्यावर ४ टक्के किती होणार? शनिवारवाड्याच्या आसपास तर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामालाच मनाई आहे. असा वाडा वर्षानुवर्षं टेकू लावून उभा राहतो आणि एका जुलैत बसतो. लाकडाचं वय झालं म्हणून तो पडला असं आपण म्हणतो. पाडला तो मालकीच्या तिढ्याने. म्हणूनच पागडीची जागा घेऊ नका, असं मीही सांगतो. बँका त्यावर सहसा कर्जही देत नाहीत.

त्याच बोळात, त्या वाड्याला खेटून, सत्तर-ऐंशीच्या दशकात उभ्या राहिलेल्या सिमेंटच्या तीन-चार मजली सोसायट्या आहेत. दहा-बारा बिऱ्हाडं, सहकारी संस्था नोंदलेली, दरवर्षी सभा भरते आणि गच्चीच्या गळतीवरून कडाक्याचं भांडण होतं. ते भांडण होतं म्हणूनच गच्ची दुरुस्त होते. ही घरं वाड्यांच्या हिशेबात धरायची नाहीत.

दुसरीकडे नवं ते सुरक्षित, हा समज इतका पक्का आहे की डोळ्यांसमोरच्या गोष्टी दिसत नाहीत. २९ जून २०१९ ला कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसं गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात आंबिल ओढ्याने कात्रज ते सहकारनगर पट्ट्यात रात्रीत हाहाकार केला. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांना होडीतून बाहेर काढावं लागलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठा बुडाल्या, हे मी विसरलेलो नाही. म्हणून नारायण किंवा शनिवार पेठेत घर बघताना पूररेषा कुठून जाते हे विचारायलाच हवं. पण तेच बाणेर-बालेवाडीतही विचारा. तिथं कुणी विचारत नाही, कारण तिथली इमारत चकचकीत असते.

राहता राहिलं फाटक. भाचीच्या सासऱ्यांचा सगळा भर फाटकावर आहे: रखवालदार, कॅमेरे, मोबाइलवरून परवानगी. अशा संकुलात आम्ही चार वर्षं भाड्याने राहिलोय. शहराच्या कडेला, दोनशेच्या वर फ्लॅट. रखवालदार दर तीन महिन्यांनी बदलायचे. समोरच्या दारातल्या माणसाचं आडनाव मला पाटीवरून माहीत होतं, चेहरा नाही. पाणी टँकरचं. टँकर चुकला की व्हॉट्सॲपवर संदेशांचा पूर, आणि महिन्याच्या देखभाल-खर्चात त्याचा भार.

पेठेत आल्यावर दुसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. मी ऑफिसात, बायको शाळेत, आई एकटी. दुपारी सर आली. खाली जिन्याशी इस्त्रीचं टेबल लावणाऱ्या गृहस्थांनी वर बघितलं, तर आईचं लुगडं दोरीवर भिजत होतं. आई कपडे भिजू देणारी नाही, हे त्यांना रोजच्या बघण्यातून माहीत होतं. ते वर आले, दार वाजवलं, समोरच्या काकूंकडून आमची जास्तीची किल्ली घेतली. आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसलेली, घामाने थबथबलेली, बोलता येत नव्हतं. साखर उतरली होती. काकूंनी साखरेचं पाणी पाजलं, कोपऱ्यावरचे डॉक्टर पाच मिनिटांत आले, आणि मग मला फोन. एवढ्या कॅमेऱ्यांतला कुठला कॅमेरा ते भिजणारं लुगडं वाचणार होता? पेठेतही चोऱ्या होतात, दुचाक्या जातात. पण दिवसभर कुणी ना कुणी रस्त्यावर असतं, आणि त्याला तुमचं बिऱ्हाड ठाऊक असतं. मी सुरक्षितता म्हणतो ती ही.

आता पैशांचं. चौरस फुटाचा दर सदाशिव, नारायण पेठेत जास्त आहे, हे मान्य. पण घर दरात घेत नाहीत, एकूण रकमेत घेतात. कडेच्या संकुलात साडेचारशे फुटांचं घर शोधूनही सापडत नाही. व्यायामशाळा आणि तरणतलाव नको असला तरी त्याचे पैसे मोजावे लागतात. वर घराबाहेर पडायला गाडी लागते, बहुतेकदा दोन. आमची चारचाकी आम्ही विकली. मंडई पायी सात मिनिटांवर, आणि सप्टेंबर २०२४ पासून मंडईचं मेट्रो स्थानकही. हे पैसे कर्जाच्या हप्त्यात दिसत नाहीत, पण दर महिन्याला हातात उरतात.

आणि पूर्वेकडच्या पेठांत, रास्ता, नाना, गंज, घोरपडे पेठेत, दरही उतरतो. तिथं मात्र वेगळाच आक्षेप येतो: ‘वस्ती चांगली नाही.’ या वाक्याचा मला राग येतो. मी प्रत्येकाला विचारलं, म्हणजे काय? गुन्हे जास्त? खून-मारामाऱ्या? कुणाकडे उत्तर नव्हतं. थोडं खोदलं की कळतं, तिथं कोणत्या जातीधर्माची माणसं राहतात याबद्दलची ती तक्रार असते. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ते घर गंज पेठेतलंच. दीडशे वर्षांनंतर तिथल्या घराकडे पाठ फिरवताना ‘सुरक्षितता’ हा शब्द वापरायचा, हे लाजिरवाणं आहे. घराचा शोध या पेठांतून सुरू कर, असं मी भाचीला स्पष्ट सांगितलंय.

फक्त इमारत तपासून घ्यायची. हॉलचा रंग बघून उपयोग नाही, तो विकण्यासाठीच दिलेला असतो. आधी तळमजल्यावर गाड्या लावतात तिथलं छत बघायचं: गिलावा सुटून सळ्या दिसतात का, खांबाला उभ्या भेगा आहेत का. गिलाव्यावरच्या जाळीसारख्या बारीक भेगांनी घाबरायचं कारण नाही. खांबात सळीच्या रेषेत गेलेली उभी भेग म्हणजे आत गंज धरलाय. मग सचिवांकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागायचा. आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. अहवाल दाखवायला टाळाटाळ झाली की जिना उतरायचा. मालमत्ता पत्रकावर जमीन सोसायटीच्या नावावर आहे की अजून बिल्डरच्याच, हे त्याहून महत्त्वाचं. कन्व्हेअन्स झालेला नसेल तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी सगळं अडून बसतं. २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी खेटे घालणारे सभासद सोसायटीत असावे लागतात. तसे दोघं-तिघं आहेत का, हे पाच मिनिटं बोललं तरी कळतं. सकाळी पाणी यायच्या वेळी एकदा जायचं, रात्री दहाला एकदा.

रविवारी भाचीबरोबर रास्ता पेठेतली एक इमारत बघायला जायचंय. पाऊस आला तर बरं होईल, गच्चीवर पाणी कुठं साचतं ते दिसेल.