पवई तलावाचा काठ: फिरणाऱ्यांच्या बाजूने काही मुद्दे

पवई तलावाकाठी सकाळी चालायला येणाऱ्यांपैकी मी एक. इथे फिरायला चांगली जागा हवी, ही मागणी माझीही आहे. ती कुठे आणि कशी हवी, त्याबद्दल हे मुद्दे.

१. पाण्यात भराव नको. महापालिकेने तलावाभोवती सायकल आणि जॉगिंग ट्रॅक करायला घेतला होता. तारेच्या जाळीत दगड भरायचे, त्यातून पाणी आरपार जातं, म्हणून तलावाला धक्का नाही, असं सांगितलं गेलं. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवलं आणि जागा पूर्ववत करायला सांगितली. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांनुसार सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत बोटींचा धक्का सोडून कायमचं बांधकाम करता येत नाही. या निकालाने सायकलवाल्यांचं नुकसान झालं, असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. सायकलला रस्ता लागतो, तलाव नाही. जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यालगत सुरक्षित मार्गिका मागितली, तर रोज कामावर सायकलने जाणाऱ्यांचीही सोय होईल.

२. काठावर मगरींचाही हक्क आहे. इथल्या मगरी उन्हासाठी काठावर येतात आणि अंडी पाण्याबाहेर, मऊ मातीत खड्डा करून घालतात. चारही बाजूंनी दगडी कठडा बांधला तर त्यांनी जायचं कुठे? एक बाजू माणसांसाठी सोडा, बाकीचा काठ मातीचा, गवताचा राहू द्या. मुलांच्या सुरक्षेसाठीही हेच बरं.

३. आधी सांडपाणी, मग सुशोभीकरण. हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा मुद्दा. जलपर्णी जवळून पाहा: देठ फुगीर, आतून स्पंजासारखा, म्हणून ती तरंगते. तिला लागणारं नत्र आणि स्फुरद नाल्यांतून येणारं मैलापाणी फुकट पुरवतं. तिचा जाड थर पसरला की खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. मग ठेकेदार लागतो, यंत्र येतं, जलपर्णी निघते आणि पुन्हा वाढते, कारण नाले तसेच वाहत असतात. त्यातही काढलेला ढीग काठावरच कुजत राहिला, तर त्याचा रस पावसाबरोबर परत तलावात जातो. काढलेल्या जलपर्णीचं वजन मोजून बिलं भरण्यापेक्षा किती नाले मलवाहिनीला जोडले, याचा हिशेब दर तीन महिन्यांनी काठावरच्या फलकावर लावा. सकाळी त्या वासातून चालणाऱ्याला तो वाचायचा हक्क आहे.

४. विसर्जनाच्या काळात गणेशघाटाजवळ कृत्रिम तलाव पुरेसे हवेत आणि निर्माल्य त्याच रात्री उचललं जावं. यात श्रद्धेला कुठेही बाधा येत नाही.

५. ‘पिण्याचं पाणी नाही, मग तलाव जपायचा कशाला?’ असं विचारणाऱ्यांसाठी. १८९० च्या सुमारास बांधलेल्या या तलावात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी मावतं. ते आज पिण्याखेरीज इतर कामांना वापरलं जातं. तो भरून वाहिला की पाणी मिठी नदीत उतरतं, आणि मिठी काय करू शकते हे २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईने पाहिलं आहे. तलावात पडणारा प्रत्येक डंपरभर राडारोडा पाण्याची तेवढी जागा खातो, आणि तेवढं पाणी खालच्या वस्तीकडे लवकर निघतं.

६. मग फिरणाऱ्यांना काय हवं? फार थोडं. रस्त्याच्या बाजूला सलग, न तुटणारा पदपथ, चाकाच्या खुर्चीला चढता येईल असा उतार, सावली देणारी देशी झाडं, टेकायला बाक. दिवे बुटके आणि खाली तोंड केलेले हवेत. पाण्यावर रात्रभर प्रखर झोत नको, रात्री घरट्यावर येणाऱ्या पक्ष्यांना त्याचा त्रास होतो. प्रवेश कायम फुकट असावा. तिकीट लावलं की चांदिवलीच्या किंवा साकीनाक्याच्या चाळीतलं कुटुंब रविवारी इथे यायचं बंद होतं. आणि स्वच्छतागृह, दोन्ही टोकांना, पाण्यासकट. त्याअभावी कितीतरी बायका चालणं अर्ध्यावर सोडून परततात. पुढच्या अंदाजपत्रकात काठासाठी पैसे ठेवले जातील तेव्हा पहिली नोंद याचीच असावी.