गणवेशाला नाव नसते

१९६० च्या दशकाच्या अखेरीस कळंगूट आणि हणजूणच्या किनाऱ्यांवर पाश्चात्त्य तरुणांचे तांडे उतरू लागले, तेव्हा आम्ही गोमंतकीयांनी त्यांचे वाढलेले केस पाहिले, उघडी अंगे पाहिली, गांजाचा धूर पाहिला. या पिढीच्या पाठीमागे एक युद्ध लागले होते, हे मात्र फार थोड्यांनी पाहिले. ती बाजू समजून घ्यायची तर मिलोश फोरमन यांचा १९७९ सालचा ‘हेअर’ हा संगीतपट आजही पाहावा.

ओक्लाहोमातील खेडवळ तरुण क्लॉड सक्तीच्या लष्करभरतीसाठी न्यूयॉर्कला येतो. सेंट्रल पार्कमध्ये त्याला बर्गर व त्याचे हिप्पी सोबती भेटतात. नाचगाण्यात, नशेत दिवस जातात. क्लॉड तरीही भरती होतोच. पुढे नेवाडाच्या छावणीत बर्गर त्याला भेटायला जातो आणि मित्राला प्रेयसीसोबत काही तास मिळावेत म्हणून, केस कापून, त्याच्या जागी राहतो. नेमका तेव्हाच व्हिएतनामला निघण्याचा हुकूम सुटतो. विमानाच्या काळोख्या पोटात शिरणाऱ्या रांगेत कोण आहे, याची लष्कराला फिकीर नसते; मोजदाद भरली की झाले. अखेरीस थडग्यावर नाव दिसते ते बर्गरचे.

हा निषेध उशिरा आला, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. मूळ नाटक १९६७ मध्ये, युद्ध पेटलेले असताना रंगभूमीवर आले. चित्रपट आला तेव्हा सायगाव पडून चार वर्षे झाली होती आणि अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकन व त्यांच्या कितीतरी पट व्हिएतनामी माणसे मेली होती. परंतु फोरमन यांचे आईवडील नाझी छळछावण्यांत मेले. त्यांच्या मायदेशात १९६८ साली सोव्हिएत रणगाडे घुसले. नाटकात क्लॉडच युद्धात मरतो. शेवट बदलून फोरमन यांनी युद्धयंत्राचा नेमका स्वभाव दाखविला. त्याला माणूस नको असतो, संख्या हवी असते.

आमच्या मते या कथेतील खरी शोकांतिका याहून खोल आहे. बर्गरने मैत्री निभावली, पण त्याच्या त्यागाने रांगेतील रिकामी जागा भरूनच निघाली. युद्धाला अडवितो तो उघड, स्वतःच्या नावाने दिलेला नकार. त्याची किंमत मोजावी लागते. १९५५ च्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींनी ती प्राणांनी मोजली. आणि आमच्या शत्रुपक्षातही असा नकार घडला, हे विसरू नये. डिसेंबर १९६१ मध्ये सालाझारने गोव्यातील फौजेला अखेरपर्यंत लढून मरण्याचा हुकूम दिला होता. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो मानला नाही, शरणागती पत्करली. पुढे त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. त्यांच्या सत्तेचे आम्ही विरोधकच. पण त्या अवज्ञेने वाचलेले जीव दोन्ही बाजूंचे होते.

२०२२ साली रशियाने राखीव सैनिकांना युद्धावर बोलाविले, तेव्हाही हजारो तरुणांनी देश सोडला. असा कोणी आमच्या किनाऱ्यावर आला, तर त्याच्या वेशावर बोट ठेवण्यापूर्वी तो कोणत्या रांगेतून बाहेर पडला आहे, एवढे तरी आम्ही विचारावे.